घरचा सोनार

रीताला माहेरी बोलावलं होतं ते तिच्या मतासाठी नाही, तिच्या पत्त्यासाठी.

तिच्या भावाच्या, रोशनच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची अंगठी ऑनलाइन मागवायची ठरली, तर ती कोसमटोल्याला येणार नव्हती. कुरिअरवाला सावलीपर्यंत येतो. पुढे नाला, नाल्यापलीकडे जंगल, जंगलात वाघ, आणि तेवढ्या पगारात वाघ बसत नाही असं कुरिअरवाल्याचं म्हणणं. रोशनने मागे मागवलेले बूट सावलीतच पडून राहिले आणि परत गेले. म्हणून पार्सल रीताच्या सासरी, ब्रह्मपुरीला यावं, हा रोशनचा बेत. ऑनलाइन नाहीच ठरली, तर आलेली लेक घरामागच्या सांदवाडीतल्या वालाच्या शेंगा तोडायला कामी येईल, हा आईचा, रंभाबाईचा. मत कोणालाच नको होतं. लग्न झालेल्या बहिणीचं मत म्हणजे लग्नातला फोटो, काढायचा असतो, पाहायचा नसतो.

सावलीच्या स्टँडवर रोशन गाडी घेऊन आला. गाडीच्या मागच्या पाटीवर नंबराच्या वर भगव्या अक्षरांत लिहिलेलं, ‘बाबांची कृपा’. रीता मागे बसली आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

“काय हाये व बाई पर्समधी? सोनं आनलं का?” रोशन हसला.

“पाह्य समोर. गाय येईल,” रीता म्हणाली.

पर्समध्ये रुमालात बांधलेली तिच्या नवऱ्याची अंगठी होती.

ही अंगठी तिच्या साक्षगंधात तिच्या बापाने, गुणवंतरावांनी जावयाला, निकेशला घातली होती. आमच्याकडे साक्षगंधात मुलीचा बाप जावयाच्या बोटात अंगठी घालतो, चार माणसं पाहतात, आणि त्या दिवसापासून त्या बोटात बापाची इज्जत राहायला जाते. लग्नानंतर निकेश सुटला. बोट जाड झालं. अंगठी वाढवायला म्हणून ते तिघं, निकेश, रीता आणि सासू, ब्रह्मपुरीच्या एका दुकानात गेले. दुकानात यंत्र होतं. दुकानदाराने अंगठी आत ठेवली, यंत्राने आकडे दाखवले. दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडे तेच होते. अर्धं सोनं, अर्धं तांबं.

 दुकानाबाहेर येऊन सासूने दोघांना उसाचा रस पाजला. घरी आल्यावर अंगठी मागून घेतली आणि आपल्या किल्ल्यांच्या जुडग्याला कडी म्हणून लावली. त्याला आता चार वर्षं झाली. म्हातारी तांदळाच्या कोठीचं कुलूप उघडते तेव्हा कमरेला अंगठी वाजते. “तुह्या बापाचं सोनं वाजते मात्र चांगलं,” ती म्हणते. ओरडत नाही. भाजीत मीठ किती टाकलं हे विचारावं तशा आवाजात म्हणते.

रीताने माहेरी हे कधीच सांगितलं नाही. अंगठी घडवली होती लटारू सोनाराने. लटारूने आपल्या भोळ्या बापाला फसवलं, हे तिने स्वतःशी धरून टाकलं होतं. बापाला कळलं तर त्याचं तोंड कसं होईल ते तिला पाहायचं नव्हतं. जावयाच्या बोटात अंगठी का नाही, असं कोणी विचारलं की ती सांगायची, धान चुरायच्या मशीनमध्ये बोट जाईल म्हणून काढून ठेवली. चार वर्षं मशीन चालूच होती.

पण आता दीपिका येणार होती या घरात. रोशन राजुऱ्याच्या कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. दीपिका त्याच गावात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिच्याही बोटात लटारूचं तांबं जाईल आणि उद्या तिच्या माहेरच्या बायकाही रस पिऊन घरी येतील, एवढंच रीताला थांबवायचं होतं. जमलं तर बापाला न कळता. नाहीच जमलं तर म्हणून तिने सासूकडे अंगठी मागितली. सासूने एकेक किल्ली काढून अंगठी मोकळी केली.

“घेऊन जा, दाखव,” म्हणाली. “पन परत आनजो. किल्ल्या सुट्या होतेत.”

*

बैठक सांदवाडीत, संडासापाशी बसली. त्याला कारण होतं. कोसमटोल्यात मोबाइलला रेंज नाही, पण सरकारी अनुदानाच्या त्या संडासाच्या भिंतीला पाठ टेकली की दोन काड्या येतात. आत गोवऱ्या भरलेल्या असल्याने वासाचा प्रश्न नव्हता. भिंतीसमोर खुर्च्या मांडल्या. एकीवर गुणवंतराव, दुसरीवर त्यांचे मोठे भाऊ बापूराव. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून दोघांचं बोलणं दहा वर्षं बंद होतं, रोशनच्या सोयरिकीपासून सुरू झालं होतं, आणि ते टिकवायचं म्हणून दोघं एकमेकांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. रंभाबाई खाली पोत्यावर बसून शेंगा सोलत होती. भिंतीला पाठ लावून रोशन उभा, हातात फोन, फोनमध्ये दीपिका.

“दिसून राह्यलो का?” रोशनने विचारलं.

“तुमचं कपाळ दिसून राह्यलं,” दीपिका म्हणाली.

रोशनने फोन खाली केला. मग तिला संडासाचं दार दिसू लागलं, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. पोरगी समजदार होती.

“हे पाहा मोठेबाबा,” रोशनने पडद्यावर अंगठी दाखवली. “अठरा कॅरेट. मधात बारका हिरा. संगं सर्टिफिकेट येते.”

बापूरावांनी फोन लांब धरून पाहिला. “अठरा काऊन? बावीस काऊन नाई?”

“हिरा बसवाले सोनं कडक लागते जी,” फोनमधून दीपिका म्हणाली. “बावीसचं नरम पडते.”

“म्हंजे भेसळ करतेत.”

“भेसळ नाई जी. ते लिहून देतेत ना, अठरा हाये म्हनून.”

“लिहून देल्लं का भेसळ नाई होत?” बापूराव भावाकडे वळले. “आयकलं का गुणवंता? कंपनी सोताच सांगते का आमचं सोनं कमी हाये. आन लोक घेतेत!”

गुणवंतरावांनी मान हलवली. “आपल्या घरात असं नाई चालत. आपलं सोनं लटारूच्या घरचं. बावीस म्हंजे बावीस. माह्या बापानं त्याच्या बापाकडून केलं, मी लटारूकडून केलं. घरचा सोनार हाये तो.”

रीता आईजवळ पोत्यावर बसली होती. तिने एक शेंग हातात घेतली आणि सोलली नाही.

“बाबा, ऑनलाइनच घेऊ,” ती म्हणाली. “कागद राह्यते हातात. उद्या कोनी तपासलं तरी भेव नाई.”

“कोन तपासते व?” गुणवंतराव एकदम म्हणाले. “बोटात असते ते सोनंच असते. कोनी बोट कापून पाह्यते का?”

“आजकाल मशीनी असतेत.”

“असन. आपल्याले काय करा लागते मशीनीचं? तुह्यं सगळं लटारूनंच केलं ना? तुह्या सासरी कोनी बोट ठेवलं का?”

सगळे तिच्याकडे पाहत होते. फोनमधून दीपिकाही पाहत होती.

“नाई,” रीता म्हणाली.

“मंग!”

“पन बाबा, दीपिकाच्या मनात ती हाये तर—”

“दीपिकाले लटारू तशीच करून देईल. फोटो दाखवला का जमते त्याले. आपुन बाहेरून आनली तर लटारूले खराब वाटन.”

रीताने वर पाहिलं. तिच्या बापाला कोणाला वाईट वाटेल याची काळजी कधीच पडली नव्हती. सख्ख्या भावाच्या घरची मयत धुऱ्यापायी त्यांनी टाळली होती. रंभाबाईला ताप असताना धानाच्या रोवणीला नेलं होतं. त्या माणसाला सोनाराच्या मनाची एवढी पडली होती.

“लटारूले काऊन खराब वाटन?” रोशन म्हणाला. “आपल्या राशनकार्डावर नाव हाये का त्याचं? दुकानदार हाये तो.”

“तुले नाई समजत.”

“समजवा मंग.”

“घरचा सोनार हाये,” गुणवंतराव पुन्हा म्हणाले, आणि बापूरावांनी मान हलवली.

“बरोबर हाये. घरचा तो घरचा,” बापूराव म्हणाले. त्यांना वाद समजला नव्हता. पण भाऊ तिकडे होता म्हणून ते तिकडे होते.

तेवढ्यात समोरच्या अंगणात स्कुटी थांबल्याचा आवाज आला. कुत्रं भुंकलं नाही, म्हणजे येणारा ओळखीचा होता. लटारू सोनार घराला वळसा घालून सांदवाडीत आला. वाळलेला माणूस, पांढरा सदरा, काखेत पत्र्याची पेटी.

“तुमी बोलावलं पन का याले?” रोशन बापाला म्हणाला. “अजून ठरलंच नाई ना!”

“माप सांगाले बोलावलं,” गुणवंतराव म्हणाले. ते स्वतः उठले होते आणि आपली खुर्ची लटारूला देत होते. रीताने बापाला कोणासाठी खुर्ची सोडताना पाहिलं नव्हतं. सरपंच आला तरी ते फक्त पाय खाली घ्यायचे.

लटारू बसला. संडास पाहिला, खुर्च्या पाहिल्या, भिंतीला चिकटलेला रोशन पाहिला.

“फोनसाठी का?” त्याने विचारलं.

“हो जी,” बापूराव म्हणाले.

“आमच्याकडं पान्याच्या टाकीवर चढा लागते.” त्याने पेटी मांडीवर घेतली. “आयकलं का ऑनलाइन घेऊन राह्यले म्हनून. घ्या ना बापा. मी काय कोनाचा हात धरतो? आजकाल सारेच घेतेत.”

“नाई नाई, लटारूभाऊ,” गुणवंतराव घाईने म्हणाले. “काम तुमालेच. पोट्टे लोक पाहून राह्यले फक्त. डिझाइनसाठी.”

“डिझाइन दाखवा मंग.”

रोशनने फोन पुढे केला नाही. गुणवंतरावांनी त्याच्या हातातून घेतला. दीपिका भिंतीऐवजी आता लटारूच्या सदऱ्याची गुंडी पाहू लागली. रेंज कशी कोण जाणे, टिकून होती.

“नमस्ते जी,” ती म्हणाली.

“नमस्ते बेटा. हात दाखव.” तिने हात दाखवला. लटारूने तो पाहिला, मग अंगठीचा फोटो पाहिला. “होते. हिरा नागपूरहून आना लागन. सोन्याचं काय नाई, ते घरीच हाये.” त्याने फोन रोशनकडे परत दिला, पेटीचं झाकण उघडलं आणि गुणवंतरावांकडे न पाहताच विचारलं, “कसं करू गुणवंतभाऊ? मांगच्यासारखंच का?”

शेंगा सोलण्याचा आवाज चालू होता.

“आँ?” गुणवंतराव म्हणाले. “चांगलं करजो.”

“चांगलं म्हंजे? मांगच्यासारखं का दुसरं? आतापासून सांगून ठेवलेलं बरं राह्यते. मांगून बोलाचालीले नको.”

“अरे, चांगलं म्हंजे चांगलं!”

रीताने सोललीच नव्हती ती शेंग टोपलीत परत टाकली. पर्स उघडली. रुमालाची गाठ दातांनी सोडवली. अंगठी लटारूच्या उघड्या पेटीत ठेवली.

“मांगच्यासारखं म्हंजे असं का, काका?”

लटारूने अंगठी उचलली, अंगठ्याने पुसली, आतून पाहिली. “जवायाची हाये ही. किल्ल्या लावत व्हतं का कोनी हिले? चरे पडले.” तो रीताकडे वळला. “वाढवाची हाये?”

“अर्धं तांबं हाये हिच्यात.”

“हो,” लटारू म्हणाला.

बापूराव उभे राहिले. त्यांची चप्पल खुर्चीखाली होती. तिच्यासाठी ते वाकले. “लटारू! सोनाराच्या! आमच्या पोरीच्या साक्षगंधात तांबं देलं तू? घरचा म्हनून बसवतो तुले आमी!”

“बसा बापूरावभाऊ,” लटारू जागचा हलला नाही. “मले जसं सांगतलं तसं मी केलं. सांगतलं त्याच्याहून कमी नाई टाकलं. तांब्याचे पैसे सोन्याच्या भावानं लावले नाई. गुणवंतभाऊ बसले हायेत ना समोर. मी खोटं बोलून राह्यलो का, विचारा.”

कोणी विचारलं नाही. बापूरावांच्या हातात चप्पल होती. त्यांनी ती पायात घातली आणि भावाकडे पाहिलं. भाऊ संडासाच्या दाराकडे पाहत होता.

“हॅलो?” फोनमधून दीपिका म्हणाली. “आवाज गेला का?”

“गेला नाई,” रोशन म्हणाला. “कोनी बोलून नाई राह्यलं.”

रीता बापाचं तोंड पाहत होती. चार वर्षं जे तोंड पाहावं लागू नये म्हणून तिने दिवाळी-दिवाळीला मशीन चालवली, ते तोंड असं नव्हतं. फसलेल्या माणसाचं तोंड तिने मनात ठरवून ठेवलं होतं. हे दुसरंच निघालं. मग तिच्या कानांना काहीतरी लागलं. शेंगा सोलण्याचा आवाज. तो एकदाही थांबला नव्हता.

“माय,” ती म्हणाली. “तुले मालूम व्हतं?”

रंभाबाईने शेंगेतले दाणे टोपलीत टाकले. “गाडीचा पयला भरणा द्याचा व्हता त्या महिन्यात.”

“कोन्या गाडीचा?”

घराच्या कोपऱ्याशी गाडी उभी होती, मागची पाटी सांदवाडीकडे करून. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. लटारूनेही पाहिलं आणि पाटी वाचली.

“माह्या?” रोशन म्हणाला.

मुलीच्या लग्नासाठी बाप कर्जात बुडतो, जमीन गहाण टाकतो, असं सगळीकडे लिहून येतं. मुलीच्या लग्नात बचत करणारे बापही असतात. ते मांडवात तेवढेच रडतात. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण लिहिणाराही कोणाचा तरी गाडीवाला भाऊ असतो.

“पोट्ट्याले कॉलेजले जाले गाडी पाह्यजे व्हती,” गुणवंतराव अखेर बोलले. आवाज चढला. “पायी जाऊ देऊ का त्याले? नाल्यावर वाघानं गावातल्या बुधरीले नेलं त्याच वर्षी! गाडी नसती तर हा आज कोन्या डंपरवर बसला असता? तुले मोठं बोलता येते. मी काय खाल्लं का ते? दारू पेलो? पुढं मांगं बदलून देनारच व्हतो जवायाले. राहून गेलं.”

“मी बी त्याच नाल्यावरून जात व्हती शाळेले,” रीता म्हणाली. “पायी.”

“तवा वाघ नव्हता.”

“व्हता.”

गुणवंतरावांनी भावाकडे पाहिलं. बापूरावांनी या वेळी मान हलवली नाही. धुऱ्याची ती दहा वर्षं त्यांना आता पुन्हा तपासून पाहावीशी वाटत असणार.

“चार वर्षांपासून ही अंगठी माह्या सासूच्या किल्ल्यायच्या जुडग्यात हाये,” रीता म्हणाली. “कमरेले वाजते. कोठी उघडली का वाजते, कपाट उघडलं का वाजते. पावन्याइच्या समोर वाजते.”

“मंग तू काऊन नाई सांगतलं?” गुणवंतराव ओरडले. त्यांना आता रागवायला जागा सापडली होती. “एवढे दिवस पोटात ठेवलं तूनं! बापाले सांगाव नाई?”

“तुमाले खराब वाटलं असतं,” रीता म्हणाली.

लटारूने चहा येणार का हे पाहायला घराकडे नजर टाकली. चहा येणार नव्हता.

“बाई,” फोन म्हणाला. “मी आयकलं सगळं.”

रोशनने फोन छातीशी दाबला. रीताने हात पुढे केला. “दे इकडं.” ती स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. “आयक, दीपिका. मी सांगनारच व्हती.”

“नाई बाई, ते ठीक हाये. मी फक्त विचारून राह्यली का ऑर्डर कराची का नाई. ऑफर आजच्या दिवसच हाये.” दीपिका जरा थांबली. “आन त्याच्यात जेंट्सच्या बी अंगठ्या हायेत. निकेशभाऊचं माप मालूम हाये का तुमाले? लिंक पाठवू का?”

रीताने तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी लॅबच्या पांढऱ्या कोटात होती. दिवसभर लोकांच्या रक्तात काय कमी आहे ते कागदावर लिहून देण्याचं तिचं काम होतं.

“पाठव,” रीता म्हणाली.

“दोन?” गुणवंतराव म्हणाले. “दोन अंगठ्या? कुठून?”

“मी गाडी विकतो,” रोशन म्हणाला. बोलून झाल्यावर तो बहिणीकडे पाहत राहिला. बाई नको म्हणेल, राहू दे रे बाबू म्हणेल, असं त्याला वाटलं.

“विक,” रीता म्हणाली.

“बाकीचं मी घालतो,” रोशन म्हणाला, थोडा हळू.

“घाल.”

“आन दोनी ब्रह्मपुरीलेच येनार?” रंभाबाईने पहिल्यांदा टोपलीवरून मान वर केली. “तुही सासू खोलून पाह्यल ना व. कागद वाचन.”

“पाह्यलंच पाह्यजे.”

दीपिकाने पत्ता विचारला. रीताने सांगितला, सासूच्या नावासकट. ऑर्डर झाल्याचा आवाज फोनमधून आला. एवढ्या वर्षांत घरच्या सोन्याचा सौदा पहिल्यांदा असा झाला, की त्यात कोणाला बाजूला घेऊन बोलावं लागलं नाही.

लटारूने पेटी बंद केली. “मंग माह्यं काम नाई,” तो म्हणाला. त्याला राग आलेला दिसत नव्हता. “ही जुनी मोडीत द्याची असन तर घेतो मी. जेवढं सोनं हाये तेवढ्याचा भाव देईन. तांबं तुमचं तुमाले.”

“नाई काका. ही लागते मले.”

रीताने अंगठी उचलली आणि बापासमोर जाऊन उभी राहिली. “हात द्या, बाबा.”

“कायले?”

“साक्षगंधात घालून बसाची. चार मानसात.”

“पागल झाली का? जवायाची अंगठी मी काऊन घालू? माह्या बोटात जात बी नाई.”

रीताने मान वळवली. “काका, जाईल का?”

लटारूने गुणवंतरावांचं बोट पाहिलं. नांगराचं बोट, पेर गाठाळलेलं. त्याने ते सोनार पाहतो तसं पाहिलं, बाकी कशाशी त्याचा संबंध नसल्यासारखं.

“तेल लावा,” तो म्हणाला.

गुणवंतराव आता उठून निघून जातील असं रोशनला वाटलं. ते उठलेही असते. पण रंभाबाई त्यांच्या आधी उठली. मांडीवरची सालं झटकली, घरात गेली आणि जवसाच्या तेलाची वाटी घेऊन आली. वाटी तिने लेकीच्या हातात दिली नाही. स्वतःच नवऱ्याचा हात धरला, बोटाला तेल लावलं, पेरावर जरा जास्त लावलं, आणि म्हणाली, “लाव आता.”

अंगठी पेरावर अडली. मग गेली.

*

अंगठी परत निघाली नाही. साबण झाला, बर्फ झाला, सूत गुंडाळून ओढून झालं. बोट सुजलं आणि अंगठी आणखी पक्की बसली. कापायची तर लटारूकडे जावं लागलं असतं. गुणवंतराव गेले नाहीत.

राजुऱ्याला साक्षगंध झालं. सगळे भाड्याच्या जीपने गेले, कारण गाडी विकली होती. ती आता वरच्या आळीतल्या अश्विनकडे होती आणि पाटीवरचं अश्विनने अजून पुसलं नव्हतं. दीपिकाच्या बोटात अठरा कॅरेट होतं. निकेशच्या जाड बोटात बावीस, नवं, कागदासकट. तो कागद रीताच्या सासूने चष्मा लावून दोनदा वाचला होता आणि आपल्या ट्रंकेत ठेवला होता.

सतरंजीवर दोन्हीकडचे बाप मांडीला मांडी लावून बसले. दीपिकाचे वडील मोकळे गृहस्थ होते. पान देताना त्यांना गुणवंतरावांचा हात दिसला. तो त्यांनी प्रेमाने हातात घेतला.

“वा इवाई! अंगठी जुनी दिसते. लालसर सोनं हाये. कोन्या सोनाराची?”

आजूबाजूचे चार जण वळले. रीता कुंकवाचं ताट घेऊन बायकांच्या ओळीत होती. तिने ताट तसंच धरलं. गुणवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर काढली नाही.

“घरच्या सोनाराची,” गुणवंतराव म्हणाले.

“मंग तर एकदम अस्सल असन!”

गुणवंतराव बोटाकडे पाहत राहिले. बोट अजून सुजलेलं होतं.

“नाई जी,” ते म्हणाले. “अर्धीच हाये.”

दीपिकाचे वडील खोखो हसले. त्यांच्या मागे सगळी सतरंजी हसली. व्याही विनोदी निघाला, बरं झालं, घर हसतं-खेळतं दिसतं, असं कोणीतरी म्हणालं. गुणवंतराव हसले नाहीत, त्यामुळे लोक आणखी हसले.

रीता कुंकू लावत आपल्या सासूपाशी आली. सासूच्या कमरेला किल्ल्या लाल दोऱ्यात ओवलेल्या होत्या. दोऱ्याला गाठीवर गाठी पडल्या होत्या. सासूही हसली नव्हती. ती सतरंजीच्या त्या टोकाला पाहत होती.

“हा दोरा टिकून नाई राह्यला,” कपाळ पुढे करत ती सुनेला म्हणाली. “बाजारात गेली का किल्ल्यायले एक कडी आनजो मले. लोखंडाची चालन.”